सोपारा, नाणेघाट, पैठण, तेर: सातवाहनकालीन वाटांच्या नकाशाच्या कामाच्या नोंदी

८ जून

ठरलं ते असं. भिंतीवर लावायला ए१ आकाराचा एक नकाशा, आणि ज्याला हवी त्याला देता येईल अशी त्यामागची फाईल. व्याप्ती भरूच ते तेर आणि सोपारा ते जुन्नर. काळ सातवाहन-क्षत्रपांचा, म्हणजे इसवी सनाचं पहिलं आणि दुसरं शतक. आमच्या मंडळाचं प्रदर्शन डिसेंबरात आहे, तोवर हातावेगळं व्हायला हवं. नकाशांचं सॉफ्टवेअर क्यूजीआयएस, कारण फुकट आहे आणि माझ्या आठ जीबीच्या लॅपटॉपवर चालतं.

असे नकाशे आधी झालेले नाहीत असं नाही. पण बहुतेकांत तेर आणि ग्रीक ग्रंथातलं मेलिझेइगारा हे बंदर एकाच मापाच्या काळ्या टिंबांनी दाखवलेले असतात. तेरमध्ये उत्खननं झालीत, तिथल्या वस्तू गावातल्या संग्रहालयात जाऊन बघता येतात. मेलिझेइगारा म्हणजे जयगड हे मात्र नुसत्या नावाच्या शेपटावरून. वाटा तर पट्टी लावून ओढलेल्या असतात, मध्ये घाट आहे की नदी याची फिकीर नाही. म्हणून सुरुवात सॉफ्टवेअरपासून नाही, तक्त्यापासून. रकाने: ग्रंथातलं नाव, लेखातलं नाव, आजचं गाव, अक्षांश, रेखांश, आधार, कशावरून. 'आधार' या रकान्यात तीनच शब्द चालतील: पक्का, अंदाजी, नावापुरता.

१६ जून

तक्ता भरतोय. पहिल्या फेरीत 'पेरिप्लस'मधली नावं घेतली. पहिल्या शतकाच्या मध्यावर ग्रीकमध्ये लिहिलेलं हे खलाशी-व्यापाऱ्यांचं टिपण. शॉफचं १९१२ चं इंग्रजी भाषांतर सहज मिळतं. त्यातली आपल्या कामाची वाक्यं थोडीच आहेत, पण नेमकी आहेत. बॅरिगाझा म्हणजे भरूचपासून दक्षिणेला २० दिवसांवर पैठण. पैठणपासून पूर्वेला १० दिवसांवर तगर. पैठणहून अकीकासारखे दगड आणि तगरहून कापड गाड्यांवर लादून, मोठ्या बिनरस्त्याच्या मुलखातून भरूचला येतं. कल्याण हे पूर्वी अधिकृत बंदर होतं, पण आता तिथे अडवणूक होते आणि चुकून आलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भरूचला नेतात.

'पक्का' कोणाला म्हणायचं यावर बराच खल झाला. सोपारा पक्का: अशोकाच्या लेखांचे तुकडे तिथे मिळाले, बुरुड राजाच्या कोटाखालचा स्तूप भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये उकरला. कल्याण आणि चौल पक्के, कान्हेरीच्या दानलेखांत दोन्ही नावं येतात. पैठणबद्दल प्रश्नच नाही. पितळखोऱ्याच्या खांबांवरही पैठणच्या गंधिकाचं, म्हणजे अत्तरवाल्याचं दान कोरलेलं आहे. तेर म्हणजेच तगर हे फ्लीट या पुरालेखतज्ज्ञानं १९०१ मध्ये मांडलं, त्याआधी लोक ते देवगिरीपासून जुन्नरपर्यंत कुठेही टाकत होते. आता तेरबद्दल वाद उरलेला नाही, म्हणून तेही पक्क्यात.

चौलच्या खालची कोकणातली बंदरं, मंदगोरा, पालैपतमै, मेलिझेइगारा, बायझँटिऑन, सगळी 'नावापुरता'. मंदगोराला बढती द्यावी का यावर थोडा अडलो, कारण मांदाडजवळच्या कुडे लेण्यांत मांदव महाभोज या स्थानिक सरदारांची नावं आहेत. तूर्त 'अंदाजी' ठेवलं.

१९ जून

एक सुंदर गोष्ट हाती लागली. नाशिकच्या पांडव लेण्यांत उषवदाताचा लेख आहे. हा क्षत्रप राजा नहपानाचा जावई. त्यानं कुठल्या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या त्याची यादीच दिली आहे: इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा, दाहानुका. पारदा म्हणजे पार, दमण म्हणजे दमणगंगा, दाहानुका म्हणजे डहाणूची खाडी. इबा म्हणजे अंबिका आणि करबेणा म्हणजे तिला मिळणारी कावेरी असं मानतात. त्याच लेखात भरुकच्छ आणि शोर्पारग, म्हणजे भरूच आणि सोपारा, इथल्या धर्मशाळांचाही उल्लेख आहे. नकाशावर या नद्या पाहिल्या तर सगळ्या भरूच-सोपारा किनारवाटेला आडव्या येतात. म्हणजे गाव एकही नसताना वाट मिळाली, तीही दगडावर कोरलेली. नदी ओलांडण्याच्या जागांचा वेगळा लेयर, म्हणजे नकाशाचा थर, केला. पार, दमणगंगा, तापी आणि डहाणू पक्क्यात, उरलेल्या दोन अंदाजीत.

२५ जून

तांत्रिक कटकट, थोडक्यात. तक्ता एक्सेलमधून साध्या सीएसव्हीत साठवला की देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. साठवताना यूटीएफ-८ असलेलाच पर्याय निवडा. शेपफाईल हा नकाशा-फाईलचा जुना प्रकार तर वापरूच नका. तिच्यात रकान्याच्या नावाला १० बाइट मिळतात आणि देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, त्यामुळे 'कशावरून'चं 'कशा' होतं आणि दोन रकाने एकाच नावाचे निघतात. सगळं एका जिओपॅकेजमध्ये, म्हणजे सगळे थर मावणाऱ्या एकाच फाईलमध्ये, हलवलं. प्रक्षेपण यूटीएम ४३ उत्तर, ईपीएसजी ३२६४३. ७२ ते ७८ पूर्व रेखांशांत आपला सगळा मुलूख बसतो.

७ जुलै

टॉलेमी. हे प्रकरण मला वाटलं होतं त्याहून जास्त चाललं, आणि त्यातून जे मिळालं ते नकाशाच्या कोपऱ्यातल्या एका चौकटीपुरतं आहे. तरी सविस्तर लिहितो, कारण या वाटेनं जाणारा प्रत्येक जण इथेच अडकणार.

दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात बसून टॉलेमी या भूगोलकारानं हजारो ठिकाणांचे अक्षांश-रेखांश दिले. तयार आकडे दिसले की हात शिवशिवतात: सीएसव्ही करा, लेयर ओढा, झालं. मॅक्रिंडलच्या १८८५ च्या भाषांतरातून भरूच (११३°१५', १७°२०'), उज्जैन (११७°, २०°), नाशिक (११४°, १७°), सोपारा (११२°३०', १५°३०'), सिमिला म्हणजे चौल (११०°, १४°४५') आणि तगर (११८°, १९°२०') घेतले. त्याचं शून्य रेखावृत्त ग्रीनिचचं नाही, पश्चिमेच्या 'सुदैवी बेटां'चं, म्हणजे कॅनरी बेटांचं. म्हणून सरळ १८ अंश वजा केले.

भरूच म्यानमारमध्ये, यांगूनच्या वायव्येला शंभरेक किलोमीटरवर जाऊन बसलं. नाशिक थेट यांगूनच्या शेजारी. उज्जैन थायलंडच्या सीमेवर, आणि चौल बंगालच्या उपसागरात, अंदमानच्या वरच्या अंगाला, भर पाण्यात.

कारण ठाऊक आहे: टॉलेमीनं पृथ्वी लहान धरली. एका अंशाला ५०० स्टेडिया, जिथे त्याच्याआधीच्या एराटोस्थेनीस या ग्रीक पंडिताच्या हिशोबानं ७०० यायला हवेत. प्रवासाची अंतरं तीच आणि अंश छोटा, म्हणून पूर्वेकडे जावं तसं सगळं ताणत जातं.

१२ जुलै

कॅनरीऐवजी अलेक्झांड्रिया पाया धरला, तो त्याचा स्वतःचा गाव. त्याच्या तक्त्यात अलेक्झांड्रिया ६०°३०' वर आहे, प्रत्यक्षात ग्रीनिचच्या पूर्वेला २९.९ अंशांवर. तिथून भरूचपर्यंत त्याचे ५२.७५ अंश भरतात, खरे ४३.१. गुणोत्तर ०.८१७. उज्जैनचं ०.८१२. इतकं जवळ येईल असं वाटलं नव्हतं. ०.८१७ नं गुणलं की नाशिक ७३.६ वर येतं (खरं ७३.८), सोपारा ७२.४ वर (खरं ७२.८). चौल मात्र ७०.३ वर, म्हणजे आजही समुद्रातच, अडीच अंश पश्चिमेला.

तगर पूर्व-पश्चिम ठीक येतं, पण पैठणच्या ईशान्येला. खरं तेर पैठणच्या आग्नेयेला आहे. 'पेरिप्लस' म्हणतं पूर्वेला. मला वाटतं दोघांकडे 'पैठणच्या पलीकडे १० दिवस' एवढीच बातमी पोचली होती आणि दिशा ज्यानं त्यानं आपापली लावली.

अक्षांशांना असा एकच गुणक नाही. भरूच चार अंशांहून जास्त दक्षिणेला, नाशिक आणि उज्जैन तीनेक अंश, आणि तगर उलट एक अंश उत्तरेला. टॉलेमीच्या नकाशात भारताला खाली उतरणारं टोकच जवळपास नाही, किनारा आडवा पूर्वेला जातो आणि श्रीलंका अवाढव्य होते. दक्षिणेची लांबीच नाहीशी झाली तिथे गुणक काय करणार?

१८ जुलै

जिओरेफरन्सरमध्ये थिन प्लेट स्प्लाइन लावून पाहिलं. हा पर्याय फार लोभस आहे. ओळखीची ठिकाणं दिली की तो टॉलेमीचा अख्खा नकाशा वाकवून त्या ठिकाणी बरोबर बसवतो, चूक शून्य असल्याचं दाखवतो, आणि मग आपल्याला वाटतं की उरलेली अनोळखी गावंही आता आपोआप सापडली. तसं काही झालेलं नसतं. तपासायची रीत सोपी: एक ओळखीचं गाव मुद्दाम वगळा आणि बाकीच्यांवरून ते कुठे येतं बघा. नाशिक वगळलं तर ते भलतीकडेच जाऊन पडलं. ज्या पद्धतीला माहीत असलेलं नाशिक सापडत नाही, तिच्यावर माहीत नसलेलं गाव कसं सोपवायचं?

शिवाय आकडे हस्तलिखितांतून आलेत. ग्रीकमध्ये 'डेल्टा' म्हणजे ४ आणि तोच पाव अंशालाही वापरतात; नकलाकारानं कुठे काय वाचलं कोण जाणे. पैठणसाठीच वेगवेगळे आकडे छापलेले दिसतात.

निर्णय: टॉलेमीची ठिकाणं मुख्य नकाशावर नाहीत. कोपऱ्यात एक छोटी चौकट, त्याचं बिंदू आणि खरं बिंदू यांना जोडणारे बाण. त्याचा मोठा उपयोग वेगळाच आहे: पैठण ही सिरी-पोलेमाइऑसची, म्हणजे सातवाहन राजा पुळुमावीची राजधानी आणि उज्जैन तियास्तनेसची, म्हणजे क्षत्रप चष्टनाची, हे तो सांगतो. त्यावरून काळ पक्का होतो.

४ ऑगस्ट

आता वाटा. उंचीसाठी एसआरटीएम, म्हणजे फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून रडारनं मोजलेली जमीन. नासाच्या साइटवर खातं उघडलं की एकेक अंशाचे तुकडे फुकट उतरवता येतात. ३० मीटरचा एक तुकडा साधारण २५ एमबी. पाच अंश बाय पाच अंश जोडले की ३२ कोटींवर चौकोन होतात, आणि तिथे माझ्या लॅपटॉपनं हात टेकले. रात्रभर पंखा घरघरत होता आणि सकाळी काळा पडदा. ९० मीटरवर आणलं, साडेतीन कोटींवर चौकोन उरले, मग जेवायला जाऊन येईपर्यंत काम व्हायला लागलं. एक बाहेरची डिस्क घ्यावी लागली. या कामातला तेवढाच मोठा खर्च.

चालण्याचा हिशोब ग्रास या सॉफ्टवेअरमधल्या आर-वॉक या साधनानं. त्यात सपाटीवर मीटरला ०.७२ सेकंद धरलेले असतात, म्हणजे ताशी ५ किलोमीटर. हा मोकळ्या हातानं चालणारा गडी झाला. भरूचची वाट गाड्यांची आहे, म्हणून तो आकडा १.२ केला, ताशी ३ किलोमीटर, आणि मोठ्या चढाला जवळपास बंदी घातली.

९ ऑगस्ट

पहिली भरूच-पैठण रेघ आली. तापीच्या काठानं वर चढली, उकाईपाशी सरळ धरणाच्या पाण्यात उतरली आणि जलाशयाच्या लांबीनं पाण्यावरून चालत खानदेशात बाहेर पडली. पुढे पैठणजवळ नाथसागरावरूनही तशीच.

चूक रडारची नाही. २००० मध्ये तिथे पाणीच होतं. उकाई धरण १९७२ चं, जायकवाडी १९७६ चं. पाण्याचा पृष्ठभाग काचेसारखा सपाट, आणि आर-वॉकला सपाट म्हणजे सगळ्यात स्वस्त. तुम्ही कुठल्याही प्राचीन वाटेचा असा हिशोब करणार असाल तर आधी आपल्या भागातली धरणं मोजा. महाराष्ट्रात ती ठिकठिकाणी आहेत.

दोन्ही जलाशयांचा इलाज मात्र एक नाही. नाथसागराखालची गोदावरीची दरी मुळातच उथळ आणि पसरट, तिथे सपाट धरलं तरी फारसं बिघडत नाही. हरवली आहे ती नदी, जी ओलांडावी लागत होती. उकाईखाली मात्र डोंगराळ दरी बुडाली आहे, तिथला सपाटपणा निव्वळ खोटा.

२ सप्टेंबर

बुडालेली जमीन परत आणायला धरणांआधीचे नकाशे हवेत. अमेरिकी आर्मी मॅप सर्व्हिसची यू५०२ ही मालिका कामी आली: १:२,५०,००० प्रमाण, १९५० च्या दशकातल्या शीट, टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयानं स्कॅन करून सर्वांसाठी ठेवल्यात. उकाईच्या शीटवरून समोच्चरेषा हातानं गिरवल्या, उंची फुटांत आहे ती मीटरात केली, आणि तेवढाच भाग नव्यानं भरला. गिरवण्याचं काम कंटाळवाणं आहे, गणपतीच्या सुट्टीत उरकलं.

या शीट एव्हरेस्टनं ठरवलेल्या पृथ्वीच्या गणिती आकारावर (गोलाभावर) आणि कल्याणपूर या मोजणीच्या मूळ बिंदूवर बेतलेल्या आहेत (हे कल्याणपूर मध्य प्रदेशातलं, आमच्या कल्याणशी संबंध नाही). आजच्या जीपीएसच्या पायाशी फरक शंभर-दीडशे मीटरचा. तो काढायच्या नादी लागू नका. छापील नकाशा १:८,००,००० चा आहे, त्यावर दीडशे मीटर म्हणजे पाव मिलीमीटरसुद्धा नाही. एकोणिसाव्या शतकातल्या शीट वापरत असाल तर मात्र समासातली बारीक टीप वाचा. त्या काळी ज्याच्यावरून रेखांश मोजत त्या मद्रास वेधशाळेचं रेखांश सुमारे अडीच मिनिटांनी जास्त धरलेलं होतं, म्हणजे आपल्याकडे चारेक किलोमीटर. तो फरक छापील नकाशावर पाच मिलीमीटर भरतो आणि गाव नदीच्या दुसऱ्या काठाला जातं.

१० सप्टेंबर

नद्या. ओलांडायला दोन तास धरले: ७२०० सेकंद भागिले ९० मीटर, म्हणजे मीटरला ८० सेकंद, असं घर्षणाच्या, म्हणजे लागणाऱ्या जादा वेळाच्या, रास्टरमध्ये (चौकोनांच्या जाळीत) भरलं. तरी रेघ गिरणा फुकटात ओलांडत होती. मोठं करून पाहिलं तेव्हा कळलं. नदी तिरकी वाहते तिथे तिचे चौकोन फक्त कोपऱ्याला कोपरा लागून असतात, आणि वाट त्या दोन कोपऱ्यांच्या फटीतून तिरकी सटकते. नदी रास्टर करताना 'ऑल टच्ड' ही खूण करा, म्हणजे रेघ ज्या ज्या चौकोनाला शिवते तो भरला जातो आणि फट बुजते.

यानंतरची भरूच-पैठण वाट बरी आली. नवापूरच्या अंगानं खानदेशात, आणि मग मनमाडजवळच्या अनकाईच्या खिंडीतून दक्षिणेला. अंतर ४३० किलोमीटरच्या आसपास, २० दिवसांना भागलं तर दिवसाला साडेएकवीस. पैठण-तेर १७५ च्या आसपास, १० दिवसांना, म्हणजे साडेसतरा. बैलगाडीला दोन्ही पटण्यासारखे आहेत, आणि एकमेकांच्या जवळचे आहेत हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तो अनामिक खलाशी स्वतः पैठणला गेला नसेल, पण त्याला सांगणाऱ्यानं थापा मारल्या नव्हत्या.

पितळखोरं मात्र या वाटेवर येत नाही, बरंच पूर्वेला राहतं. तिथे पैठणच्या लोकांची दानं आहेत, म्हणजे तिकडून वाट होतीच. गणितानं स्वस्त काय ते सांगितलं, लोक कुठून गेले ते सांगितलं नाही. पितळखोऱ्यावरून जाणारी दुसरी वाट वेगळ्या रेघेनं काढली.

५ ऑक्टोबर

किनारा. तयार मिळणाऱ्या कुठल्याही किनाऱ्याच्या लेयरमध्ये नरिमन पॉइंट असतो. सातवाहनांच्या नकाशावर तो दिसला की संपलं. भर घातलेला भाग काढून सात बेटं वेगळी केली, साष्टी वेगळी. वसईही तेव्हा बेटच. तिच्या आणि मुख्य भूमीच्या मधल्या खाडीनं जहाजं सोपाऱ्यापर्यंत येत. आज ती खाडी गाळानं भरलेली आहे, जुन्या शीटवर तिचा माग निघतो. नेमकी कड सांगता येत नाही म्हणून हा भाग ठिपक्यांच्या रेघेनं काढला. हा लेयर अख्खा 'अंदाजी'.

१५ नोव्हेंबर

नाणेघाट. कल्याण-जुन्नर वाट चार तऱ्हांनी काढून पाहिली, प्रत्येक वेळी माळशेजकडे वळली. आणि नाणेघाटात तर सातवाहन राणी नागणिकेचा लेख आहे, वर जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजण आहे, वाटेच्या टोकाला जुन्नरभोवती दोनशेवर लेणी आहेत. सातवाहनांची एक वाट डोळे मिटून सांगा म्हटलं तर कोणीही हीच सांगेल, आणि नेमकी तीच संगणकाला दिसत नाही.

का दिसत नाही हे बघायला पाऊस सरल्यावर घाट चढून आलो. कल्याणहून नगरकडे जाणाऱ्या एसटीनं मुरबाडच्या पुढे वैशाखऱ्यापाशी उतरायचं आणि वाट धरायची. फोनवर ट्रॅक चालू ठेवला. खालचा जंगलातला भाग नकाशाशी छान जुळतो. वर नळी सुरू होते तिथे सगळं फिस्कटतं. दोन्ही हातांना उभे कातळ, मधून दगड लावलेल्या पायऱ्या, डोक्यावर आकाशाची चिंधोटी. रुंदी इतकी की दोन लादलेली जनावरं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटावं लागेल. ३० मीटरच्या चौकोनात ही अख्खी नळी आणि तिचे दोन्ही कडे एकत्र मावतात. त्यांची एकच उंची निघते आणि संगणकाला सलग कडा दिसतो. ९० मीटरला आणताना सरासरी घेतली होती, त्यात तर खाच पुरतीच बुजली.

ट्रॅकही तिथे भिंतीच्या आत-बाहेर नागमोडी जातो, कारण फोनला आकाशच कमी दिसतं. आणखी एक: काही अॅप समुद्रसपाटीपासूनची नाही, गणिती गोलाभापासूनची उंची देतात. आपल्या भागात दोन्हींत साठ-सत्तर मीटरचा फरक आहे. ट्रॅक एसआरटीएमवर ठेवला आणि आपण जमिनीखालून चालत गेलो असं दिसलं तर घाबरू नका, तेवढे मीटर मिळवा.

१९ नोव्हेंबर

सरासरीऐवजी सगळ्यात कमी उंची घेऊन ९० मीटर केलं. नळी थोडी उघडली, वाट तरी माळशेजच. मग दोन गोष्टी केल्या. पहिली, इथे गाडीचा हिशोब काढून टाकला. गाड्यांचा उल्लेख भरूचच्या वाटेचा आहे, नाणेघाटात चढत असणार ते ओझ्याचे बैल आणि गाढवं. दुसरी, नाणेघाट हा सक्तीचा थांबा केला: कल्याण ते नाणेघाट आणि नाणेघाट ते जुन्नर, असे दोन हिशोब.

हे म्हणजे उत्तर आधी लिहून गणित करणं झालं, आणि नकाशावर तसं सांगितलंच पाहिजे. म्हणून वाटांच्या लेयरला 'प्रकार' हा रकाना जोडला. गणितानं आलेली वाट सलग रेघेनं. लेखामुळे किंवा लेण्यांमुळे मुद्दाम नेलेली वाट तुटक रेघेनं. उषवदाताच्या नावांची किनारवाट तुटक, आणि नद्यांवर होडीची खूण. बोरघाटाची वाट कार्ले, भाजे, बेडसे आणि कोंडाण्याच्या लेण्यांमुळे तुटक. सलग रेघ जेमतेम भरूच-पैठण-तेरपुरती उरली, आणि मंडळातल्या एकानं विचारलं की मग एवढं संगणकाचं कशाला. भरूच-पैठणचे वीस दिवस पायांना पटतात हे कळायला, एवढंच सांगितलं.

३० नोव्हेंबर

अक्षरं. नदीच्या वळणावरून वाकवून नाव लिहायची सोय इंग्रजीला चालते, देवनागरीची शिरोरेषा तिथे दातेरी होते. गोदावरीचं नाव सरळच ठेवलं, तिरकं फिरवून. फॉन्ट निवडताना 'सोपाऱ्याकडे' हा शब्द लिहून बघा. काही फॉन्टांत ऱ्याचं तोंड भलतंच दिसतं. पीडीएफ काढताना मजकूर मजकूर म्हणून नको, आकार म्हणून काढा, नाहीतर दुकानातल्या संगणकावर वेलांट्या सुट्या होतात.

६ डिसेंबर

चाचणीची छपाई. डोंगरांची छाया पडद्यावर देखणी होती, कागदावर सह्याद्रीचा कोळसा झाला आणि घाटांची नावं त्यात बुडाली. छायेची पारदर्शकता सत्तर टक्क्यांवर नेली, नावांना पांढरी कड दिली. चकचकीत कागदावर ट्यूबलाइट चमकते, म्हणून मॅट घेतला. ए१ ला तीनशेच्या आसपास पडले, चाचणीचे प्रिंट धरून हजाराच्या आत.

टिंबं अशी: पक्का भरीव, अंदाजी पोकळ, नावापुरता नुसतं वर्तुळ आणि प्रश्नचिन्ह. चौलच्या खाली जवळजवळ सगळी प्रश्नचिन्हंच आहेत. एक सदस्य म्हणाले, कोकण फार रिकामं दिसतं, जयगड तरी भरीव करू. केलं नाही.

१४ डिसेंबर

प्रदर्शन झालं. फाईल देऊन टाकतोय, तेव्हा उरलेल्या गोष्टी इथेच लिहून ठेवतो. धेनुकाकट टाकलेलं नाही. कार्ल्याच्या खांबांवर तिथल्या यवनांची दानं आहेत, पण गाव कुठलं ते ठरत नाही; तक्त्यात ओळ आहे, अक्षांश-रेखांश रिकामे आहेत, आणि रिकाम्या जागी शून्य भरू नका, नाहीतर ते आफ्रिकेच्या पश्चिमेच्या समुद्रात उगवेल. थळघाटाची वाट केलेली नाही. तेरच्या पुढे पूर्वेला काहीच नाही. पावसाळ्यातला वेगळा हिशोब करायचा असेल तर नद्यांचा ८० हा आकडा वाढवा, तो 'नद्या' लेयरच्या 'घर्षण' रकान्यात आहे. रंग, जाडी, फॉन्ट हवे तसे बदला. 'आधार' बदलायचा असेल तर 'कशावरून'मध्ये कारणही लिहा.